उजवीकडची चाकं

राइनहोल्ड शॉयफेले चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले तरी त्यांच्या गाडीत कागदाचा एक कपटा सापडत नसे. काचा लख्ख, आणि चंदेरी रंग गाड्या धुण्याच्या मशीनमध्ये वरचेवर धुतलेला. फक्त चाकं मशीनला जमत नाहीत. त्यांच्यासाठी गुडघे टेकावे लागतात, आणि गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून राइनहोल्ड खाली बसलेच नव्हते. पूर्वी हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे टायर वेगळे असायचे, त्यानिमित्ताने चाकं उतरायची आणि आतून-बाहेरून घासली जायची. मग त्यांनी बारमाही टायर बसवून घेतले आणि तेही थांबलं. ब्रेक दाबला की पॅडची आणि लोखंडी तबकडीची पूड उडते, ती गरमच चाकावर चिकटते, पावसात गंजते, तिच्यावर पुन्हा नवी बसते. चार वर्षांत त्या अलॉयच्या चाकांवर काळपट तपकिरी कवच चढलं होतं.

राइनहोल्ड बालिंगनच्या एका वजनकाट्यांच्या कारखान्यात अवजारं बनवणारे कारागीर होते. निवृत्त सोबत्यांचा पत्त्यांचा डाव दर गुरुवारी बसायचा. त्यातला ओटमार हा त्यांच्यापेक्षा धाकटा आणि तोंडाचा फटकळ. मे महिन्यात सगळ्यांनी बोडनच्या सरोवरावर जायचं ठरलं, ओटमार आणि त्याच्या बायकोला राइनहोल्डच्या गाडीतून यायचं होतं. तेव्हा ओटमारने खिडकीतून खाली गाडीकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "चाकांवर मसूर करपलेत काय रे?" सगळे हसले. राइनहोल्डही हसले. पण घरी आल्यावर त्यांनी आधी मुलीला फोन लावला.

गेर्लिंडचं गावात केस कापण्याचं दुकान होतं. शनिवारी दुपारी दुकान बंद करून ती वडिलांकडे आली. घरासमोर गाडी धुवायला बंदी असल्यामुळे दोघं गावाबाहेरच्या धुलाई केंद्रावर निघाली, तिथे नाणं टाकून पाण्याचा फवारा मिळतो. गाडी राइनहोल्डच चालवत होते. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या कडेने चालतात, म्हणून गेर्लिंड त्यांच्या उजवीकडे, फुटपाथच्या बाजूला बसली होती आणि तिचा उजवा हात दाराच्या दांडीवर होता. ईस्टरला ते तिला घरी सोडायला आले होते, तेव्हाही तिचा हात तिथेच होता. गाडी फुटपाथकडे सरकत राहते, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. घरी जाऊन तिने बरेच दिवस विचार केला होता, काय बोलायचं, कसं बोलायचं. मग दुकानात गर्दी वाढली आणि विषय राहून गेला, किंवा तिने राहू दिला.

केंद्रातल्या भिंतींच्या एका आडोशात गाडी लावल्यावर राइनहोल्डनी डिकीतून घडीचं स्टूल काढलं आणि ते डाव्या पुढच्या चाकासमोर मांडून बसले. चाकं हाताला गार लागेपर्यंत त्यांनी तिला काहीच करू दिलं नाही. गरम चाकावर औषध वाळतं आणि डाग राहतो, असं त्यांनी सांगितलं. मग तिने साध्या पाण्याने सैल माती काढली आणि बाटलीतलं द्रावण फवारलं. पाहता पाहता चाक जांभळं झालं. औषध लोखंडाला भिडलं की असाच रंग उठतो. जांभळे ओघळ आऱ्यांवरून खाली टपकू लागले आणि वास आला.

"हा तर माझ्या दुकानातला वास," गेर्लिंड म्हणाली. "केस कुरळे करायच्या औषधाचा."

"मग तुला शिकवायला नको," राइनहोल्ड म्हणाले. "वाळू द्यायचं नाही एवढंच बघ."

एका फवाऱ्यात काम होण्यासारखं नव्हतंच. तिने ब्रशने घासलं, धुतलं, पुन्हा फवारलं. दुसऱ्या वेळी जांभळा रंग फिका आला. आऱ्यांच्या कोपऱ्यात आणि बोल्टांच्या भोकांत जुन्या दातांच्या ब्रशने कोरावं लागलं. तरी काही काळे ठिपके हलेनात, तेव्हा राइनहोल्डनी खिशातून चिकणमातीसारखी एक मऊ वडी काढून दिली. ती साबणाच्या पाण्यात भिजवून चाकावर फिरवली की आधी खरखर लागते, मग हळूहळू हात गुळगुळीत सरकतो. गेर्लिंडला हे काम आवडू लागलं. तिची पाठ दुखत होती, पण खालून चांदी निघत होती. मागचं डावं चाक त्या मानाने लवकर झालं, कारण मागच्या ब्रेकला कामच कमी असतं.

डावी बाजू झाली तेव्हा राइनहोल्ड खुशीत होते. त्यांनी आरशासारख्या झालेल्या रिमवरून बोट फिरवलं आणि ओटमारला आता चष्मा लावावा लागेल, असं काहीतरी म्हणाले. मग स्टूल उचलून ते उजवीकडे गेले.

उजव्या पुढच्या चाकावर कवच जास्तच जाड होतं. पहिल्या फवाऱ्यानंतर गेर्लिंडला रिमच्या कडेला काहीतरी खडबडीत लागलं. तिला वाटलं, डांबर असेल. दुसऱ्यांदा धुतल्यावर ते स्वच्छ दिसलं. चाकाची कड सगळीकडून खरवडलेली होती. कुठे करवतीने ओढल्यासारखे लांब ओरखडे, कुठे धातूचा टवका उडालेला. घाण होती तोवर सगळं एकाच रंगाचं होतं, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं. ती मागच्या चाकाकडे वळली. ते धुतल्यावर तिथेही तेच.

राइनहोल्ड पुढे वाकले. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, पूर्ण चाकभर. केसाच्या जाडीएवढा फरक या अंगठ्याला कळतो, असं कारखान्यात त्यांच्याबद्दल बोललं जायचं. एका ओरखड्यावर ते थांबले, मग दुसऱ्यावर.

"टायर बसवताना गॅरेजवाल्याने पाडलेत हे," ते म्हणाले. "मशीनवर नीट धरलं नसणार. सोमवारी जाऊन विचारतो त्याला."

गेर्लिंडच्या हातात ब्रश होता. त्याच्या टोकावरून जांभळं पाणी गळत होतं. गॅरेजवाला भला माणूस होता, त्याची बायको तिच्याकडे केस कापायला यायची. सोमवारी काय होईल, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"बाबा, डाव्या बाजूला एकही ओरखडा नाही."

"मग?"

"गॅरेजवाल्याने फक्त उजवीकडचीच चाकं वाईट धरली असतील का?"

राइनहोल्ड पुन्हा चाकावर वाकले. त्यांचा अंगठा अजून रिमवर होता. मग ते म्हणाले, "हा जुना आहे. याच्यावर पांढरा गंज चढलाय. आणि हा," त्यांनी अंगठा थोडा सरकवला, "हा याच महिन्यातला. अजून चमकतोय."

शेजारच्या आडोशात एक बाई व्हॅनच्या छतावर पाणी मारत होती. राइनहोल्डनी अंगठा रिमवरून उचलला.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"ईस्टरला. तुम्ही मला सोडायला आलात तेव्हा."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही ऐकलं असतंत?"

राइनहोल्डनी खरंच विचार केला. "नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी जे केलं ते गेर्लिंडला अपेक्षित नव्हतं. त्यांनी स्टूल गाडीच्या पुढे, आडोशाच्या मधोमध नेऊन ठेवलं, समोरच्या भिंतीवरच्या दराच्या पाटीकडे तोंड करून बसले आणि तिला सांगितलं, की पिवळा ब्रश हातात घे, माझ्या उजव्या हाताला, जरा मागे, लांब उभी राहा आणि हळूहळू पुढे ये. मी थांब म्हणेन तिथे थांब. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची मापं तपासली होती, तसंच हेही करत होते.

ती निघाली. पाण्याच्या डबक्यातून तिच्या बुटांचा आवाज होऊ नये म्हणून ती कडेने आली. ते पाटीकडे पाहत होते. ती त्यांच्या खांद्याच्या रेषेत आली, तिने ब्रश हलवला. ते पाटीकडेच पाहत राहिले. ती आणखी पुढे आली. जवळजवळ पाटीच्या समोर पोचली तेव्हा ते म्हणाले, "थांब."

मग त्यांनी मान वळवून ती कुठे उभी आहे ते पाहिलं.

"आता डावीकडून," ते म्हणाले.

डावीकडून त्यांनी तिला खूप आधी थांबवलं. त्यांनी तिला पुन्हा उजवीकडून यायला लावलं. या वेळी पाय आपटत ये म्हणाले. आवाजावरून ती कुठे आहे ते त्यांना कळत होतं, पण दिसत नव्हती. नजरेसमोर काळं काहीच येत नाही, ते तिला समजावून सांगू लागले. काही कमी आहे असं वाटतही नाही. फुटपाथ असतो, आणि मग नसतो, एवढंच.

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. गेर्लिंड त्यांच्याजवळ गेली, पण खांद्यावर हात ठेवायचं धाडस तिला झालं नाही. तिने ब्रश बादलीत टाकला.

"सरोवरावर शाळेची पोरं सायकलवर असतात," राइनहोल्ड म्हणाले. "उजव्या कडेने."

त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या पुढे धरली. पण चाकं अर्धवट ठेवून जाणं त्यांना पटेना. उजवीकडची दोन्ही चाकं पूर्ण स्वच्छ होईपर्यंत ते स्टूलवर बसून राहिले आणि ब्रश कुठे पोचला नाही ते तिला सांगत राहिले. ओरखड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. घरी येताना तिने गाडी चालवली. ते शेजारी बसले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत काचबिंदू सांगितला, उजवा जास्त गेलेला. जे गेलं ते परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी टिकवता येईल, गाडी मात्र नको, असं त्यांनी सांगितलं. राइनहोल्ड म्हणाले, ते मला आधीच माहीत आहे, मी थेंबांसाठी आलोय.

सरोवरावर सगळे गेले. गाडी गेर्लिंडने चालवली. ओटमार चाकांजवळ वाकला, डावीकडून कौतुक करत उजवीकडे आला आणि तिथे त्याने तोंड उघडलं, पण बायकोने त्याचा कोपर धरला. राइनहोल्डनी ते पाहिलं. त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, की उजव्या डोळ्याने फसवलं, आता माझा ड्रायव्हर ही. ओटमार त्या दिवशी पुरता मवाळ वागला. तळलेला मासा मागवून त्यातला मोठा तुकडा त्याने राइनहोल्डच्या ताटात ठेवला, आणि ते राइनहोल्डना टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

उन्हाळा काही चांगला गेला नाही. त्यांनी गाडी गेर्लिंडच्या नावावर केली आणि मग तिच्यावरच रुसले. बसने जाऊ लागले, बसला उशीर झाला की तिला फोन करून सांगायचे, जणू बस तिचीच होती. गुरुवारचे दोन डाव चुकवले. एकदा तिने घ्यायला येऊ का म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, मी काही पार्सल नाही. गेर्लिंड दुकानात रडली, मागच्या खोलीत, जिथे टॉवेल वाळत असतात. ईस्टरलाच बोलायला हवं होतं की कधीच बोलायला नको होतं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

महिन्यातून एकदा ती त्यांचे केस कापायला घरी जायची, तेवढं त्यांनी चालू ठेवलं होतं. नोव्हेंबरमध्ये ती गेली, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, कंगवा पाण्यात बुडवला. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. खाली गाडी उभी होती.

"पुढचे पॅड बदललेस?" त्यांनी विचारलं. मे महिन्यानंतर गाडीबद्दल त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"गेल्या आठवड्यात."

"कुणाकडून?"

तिने त्याच गॅरेजवाल्याचं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि कात्री कानाला लागता लागता राहिली. ती म्हणाली, हलू नका. 

"चाकं घाण झाली असतील," ते म्हणाले.

"झालीत. वेळच मिळत नाही."

"शनिवारी जाऊ," राइनहोल्ड म्हणाले. "तू आलीस की मी खाली येतो. हॉर्न वाजवू नकोस, शेजारच्या बाईंना आवडत नाही."

गेर्लिंडने त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ केलं आणि मानेवरचे केस कापायला घेतले.