उसनं तोंड

सकाळी म्हैस सोडून थोरली ओढ्याकडे निघाली, तर पायवाटेवर काट्याच्या फांद्या आडव्या. कमरेइतक्या उंच, नीट एकात एक अडकवलेल्या आणि वर उडू नयेत म्हणून दगड ठेवलेले. वाऱ्याने येऊन पडल्या असतील, असं म्हणायचीही सोय ठेवली नव्हती.

पलीकडे धाकटी कांद्याच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसली होती. धाकटी म्हणजे थोरलीच्या दिराची बायको. दोघींचे नवरे जाऊन वर्षं झाली, घरं भिंतीला भिंत लावून होती, आणि भांडण नवरे होते तेव्हापासूनचं होतं. धाकटीने पाठ इकडे केली होती. खुरपं काही चालत नव्हतं, कान मात्र चालू होते.

ही वाट धाकटीच्या वावराच्या कडेने जाते. ती सोडली तर ओढ्याला जायला टेकडीचा वळसा, आणि टेकडीच्या उतारावर नुसते सुटे दगड. म्हैस म्हातारी, मागचा एक पाय आधीच अधू. त्या उतारावर ती बसली की उठायची नाही, आणि म्हैस गेली तर थोरलीच्या घरात चूल पेटायची नाही. हे थोरलीला माहीत होतं आणि धाकटीला त्याहून जास्त माहीत होतं.

वाट अडवायची धाकटीची ही पहिली वेळ नव्हे. पण पूर्वी थोरलीला आवाज होता. आवाज कसला, आग्यामोहोळ! बांधावर उभी राहून तिने पहिली हाळी दिली की चक्कीवाला पट्टा काढून चक्की बंद करायचा, एक शब्द हुकू नये म्हणून. समोरच्याच्या आज्यापासून सुरुवात करून ती पायरी पायरीने खाली यायची, आणि नातवापर्यंत पोचायच्या आत समोरचा हात जोडायचा. धाकटीने दर वेळी आपल्याच हाताने काटे उचलले होते.

गेल्या थंडीत थोरलीच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजही कापून काढला. गाव भेटायला आलं, हळहळलं, आणि घरी जाऊन हुश्श म्हणालं.

थोरलीने तोंड उघडलं. भात्यातून यावा तसा नुसता वारा आला. तेव्हा कुठे धाकटी वळली.

"काही म्हणालात का जाऊबाई? मला मेलीला ऐकूच आलं नाही."

आणि हसली. तिचं ते हसू थोरलीच्या काळजात त्या काट्यांहून खोल गेलं.

आठवड्याच्या बाजाराला लेक सासरहून आली, तेव्हा आई जेवत नव्हती. भिंतीला तोंड करून बसली होती. लेकीने पिशवीतून एक फोन काढून तिच्या मांडीवर टाकला. आडवा, बुटका, आणि अंगभर बारीक बारीक बटणं, कणसाला दाणे असावेत तशी.

थोरलीने घशाकडे बोट दाखवून लेकीकडे असं पाहिलं की, बाई, चेष्टा करतेस का माझी?

"अगं, हा बोलायचा नाहीच आहे," लेक म्हणाली. "लिहायचाच फोन हा. प्रत्येक अक्षराला वेगळं बटण. दुकानदार म्हणाला, पोरं नुसती लिहीत बसतात यावर. तू चौथी शिकलीस ना? मग लिही. ज्याला जे म्हणायचंय ते लिहून धाड."

थोरलीने फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग अंगठ्याने एक बटण दाबलं. पडद्यावर अक्षर उमटलं तशी ती दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट सावरून बसली.

"पहिला निरोप मला धाड हं," लेक म्हणाली.

पहिला निरोप लेकीला गेला नाही.

धाकटीच्या घरात एक फोन होता. तिचा मुलगा ट्रकवर होता, महिना महिना बाहेर, आणि बायकोशी बोलता यावं म्हणून त्याने तो घरी ठेवला होता. पण तो राहायचा धाकटीच्या कमरेच्या पिशवीत, गाठ मारून. सुनेला त्याचा उपयोग एवढाच, की निरोप आला तर वाचून दाखवायचा, कारण धाकटीला काळी मुंगी आणि अक्षर सारखंच.

थोरलीने सगळी दुपार घालवून लिहिलं, पाठवलं, आणि मधल्या भिंतीला कान लावून उभी राहिली. पलीकडे फोन टिवटिवला. गाठ सुटल्याचा आवाज आला. मग सुनेचा आवाज, उंदरासारखा.

"मोठ्या आत्यांचं आहे. वाट उघडा म्हणतात."

"अजून?"

"एवढंच."

"एवढंच?" धाकटी कडाडली. "चाळीस वर्षं ओळखते मी त्या बाईला. ती असं मिळमिळीत भांडत नाही. तू मधलं गिळलंस. नीट वाच, लिहिलंय तसं!"

"पण त्यात तुम्हाला 'तू' म्हटलंय."

"मग 'तू' वाच! तिच्यासारखं वाच, खणखणीत. माझ्याबद्दल काय बोलते ते मला कळायला नको?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. सून थांबली. तिने श्वास घेतलेला थोरलीला भिंतीतून ऐकू आला.

"'वाट उघड गं सटवे! माहेराहून दुसरं काही आणता आलं नाही म्हणून काटे आणलेस का? कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, आणि तू तर नळीही वाकडी करशील!'"

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलेच शब्द, आपलाच झटका, आणि वर तरणा गळा.

त्या दिवसापासून सुरू झालं. थोरली दूध घालून आली की अंगठा चालवायची. धाकटी अंगणात ठाण मांडून ऐकायची आणि भिंतीवरून तोंडी उत्तर द्यायची. सून मध्ये उभी राहून वाचायची, दिवसागणिक अधिक मोठ्याने. चार दिवसांत चक्कीवाल्याने पुन्हा पट्टा काढला. काटे मात्र होते तिथेच होते. थोरली पहाटे टेकडीवरून म्हशीला वळसा घालून नेत होती, आणि अर्धं दूध त्या उतारावरच आटत होतं.

मग एके दिवशी तिने नेहमीसारखा कान लावला. काट्यांचं वाचून झालं, कांद्याला कीड लागो हेही वाचून झालं. निरोप तिथे संपला होता. सून थांबली नाही.

"'आणि सुनेला शिळं वाढतेस, मुलाला सांगतेस तिलाच भूक नसते! फोन कमरेला बांधून फिरतेस, नवराबायकोला दोन शब्द बोलू देत नाहीस! कुणाच्या पोटची आहे ती, हे कधी मनात आणलंस का गं?'"

थोरली भिंतीपासून बाजूला झाली. तिने फोन उघडून पाहिला. कांदा, कीड, काटे. बाकी काही नाही.

तिला राग आला. जन्मभर दूध विकलं, पण दुधात पाणी घातलं असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. आणि इथे तिच्या शिव्यांत कोणी भेसळ करत होतं! त्यात वाईट म्हणजे भेसळ मूळ मालाहून सरस होती.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर सून एकटीच कपडे धूत होती. थोरलीने म्हैस पाण्यात सोडली, फोनवर लिहिलं आणि तिच्या नाकासमोर धरलं. *माझ्या नावावर खपवतेस?*

सुनेच्या हातातलं कापड पाण्यात सुटलं. ती वाहत्या कापडामागे धावली, परत आली, आणि ओल्या हातांनी तोंड झाकून उभी राहिली.

"सांगू नका, मोठ्या आत्या. मारून टाकतील मला."

थोरलीने पुन्हा लिहिलं. *का?*

"सात वर्षं झाली त्या घरात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ते येतात दोन दिवसांसाठी, तेव्हाही या मध्ये बसतात. माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही. आणि तुमचं वाचायला लागले, त्यांना 'तू' म्हणायला लागले, तर..." ती खालचा ओठ पुढे काढून म्हणाली, "तुमचं नाव केवढं मोठं. आणखी दोन शिव्यांनी तुमचं काय बिघडतंय?"

थोरलीच्या घशातून वारा निघाला. सुनेला वाटलं म्हातारीला धाप लागली. पण म्हातारी हसत होती.

*घाल काय घालायचं ते,* तिने लिहिलं. *पण वाटेचं आधी वाच.*

मग काय विचारता! निरोप ओळीचा असो की दोन ओळींचा, वाचन अर्धा तास चालायचं. शिळ्या भाकरीचं गावाला कळलं, कमरेच्या फोनचं कळलं. चक्कीवर दळण घेऊन गेलेल्या धाकटीला बायका मुद्दाम विचारू लागल्या, "सून जेवते ना हो आता?" कुणाला तोंड दाखवायची तिला सोय उरली नाही. धाकटीला काटे सहन होते, पण लोकांचे डोळे नाही.

ती स्वतः बांधावर आली. फांद्या ओढून बाजूला टाकताना तिच्या तळहातात काटा मोडला.

"घ्या तुमची वाट," ती म्हणाली. "पण तो टिवटिव्या डबा बंद. एक निरोप आला ना जाऊबाई, एक, तर दुसऱ्या दिवशी काटे पुन्हा इथे. मग तुमची म्हैस मरो नाहीतर तुम्ही."

थोरलीने मान डोलावली आणि फोन फळीवर ठेवून दिला.

म्हैस सरळ वाटेने जाऊ लागली. दूध वाढलं. उन्हं तापली होती, ओढ्यात पाणी टाचभर उरलं होतं, पण वाट होती. थोरलीने समाधान मानायला हवं होतं, आणि मानलंही.

पण ओढ्यावर सून भेटायची ती खाली मान घालून. थोरली समोर गेली तरी कपडे आपटत राहायची. भिंतीपलीकडून आता एकच आवाज यायचा. इतके दिवस गावात झालेली सगळी शोभा धाकटी व्याजासकट सुनेकडून वसूल करत होती.

एका दुपारी थोरली गोठा झाडत होती.

"भिकाऱ्याच्या घरची! खाऊन खाऊन माजलीस आणि गावभर मी उपाशी ठेवते म्हणून बोंब! येऊ दे त्याला. हिला ट्रकमध्ये घालून माहेरी टाकून ये, म्हणते त्याला. तिथे तरी कोण उभं करतंय बघू!"

भांडं आपटल्याचा आवाज झाला. सुनेचा आवाज नाही. हुंदकासुद्धा नाही.

थोरलीच्या हातात खराटा तसाच राहिला. तिचं तोंड आपोआप उघडलं, आणि वारा आला. तिला स्वतःची भयंकर चीड आली. वाट मिळाली म्हणून मुकी झाली होती ती. घशाची गाठ तर डॉक्टरांनी काढली होती, ही दुसरी गाठ तिने स्वतः मारून घेतली होती.

तिने फळीवरून फोन काढला. काय लिहावं? लिहायला बसली तर दुपार जाणार. म्हशीकडे एकदा पाहिलं. म्हैस रवंथ करत होती, तिला काय त्याचं.

थोरलीने नुसतं एक टिंब दाबलं आणि धाडून दिलं.

पलीकडे टिवटिव झाली. बडबड थांबली. धाकटीने फोन तसाच कमरेला राहू दिला असता तर गोष्ट तिथेच संपत होती. पण आपल्याबद्दल कोण काय बोललं हे ऐकल्याशिवाय तिला घास गिळवला नसता.

"आला वाटतं शेवटी," गाठ सोडत ती म्हणाली. "वाच गं. काय म्हणते अवदसा?"

सुनेने फोन घेतला. थोरलीने भिंतीवर हात टेकला.

"लांबलचक आहे," सून म्हणाली.

"असू दे. वाच!"

"'भिकाऱ्याच्या घरची कुणाला म्हणतेस गं?'" आवाज असा सुटला की चक्कीवाल्याचा हात पट्ट्याकडे गेला. "'ती आली तेव्हा तुझ्या घरात दोन मडकी होती! तुझा कांदा कोण खुरपतं? तुझे पाय कोण चेपतं? माहेरी टाकतेस? टाक! मग तुझा फोन तुला कुत्रं वाचून दाखवील का?'"

"आत्ता मी बोलले ते हिला कसं कळलं?" धाकटी किंचाळली.

"'भिंतीला कान असतात,' असं लिहिलंय."

"पुढे?"

"पुढे पुष्कळ आहे," सून म्हणाली, आणि ओळीओळीला श्वास घेत, सात वर्षांचं सगळं, एकही न गाळता, वाचत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाटेवर काटे होते. या वेळी डोक्याइतके उंच. थोरलीने म्हशीचं तोंड टेकडीकडे वळवलं. उतारावर दगड पायाखालून सरकत होते, म्हैस दर पावलाला फुसफुसत होती. खालून धाकटीचा आवाज वर आला. सुनेला उठवत होती, नेहमीच्याच शब्दांत.

थोरलीने दोर एका हाताला घट्ट गुंडाळला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणखी एक टिंब पाठवलं.