सासूबाईंच्या फाइली

घरातली सून कॉम्प्युटर क्षेत्रातली, त्यामुळे सासऱ्यांचा जुना कॉम्प्युटर मोडीत काढून नवा मांडायचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं. तिला ते हातचा मळ वाटलं. त्यात जिवाची वस्तू एकच होती: सासू-सासऱ्यांनी मिळून वर्षानुवर्षं खपून लिहिलेला कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा दुभाष्या. दोघंही गणिताचे शिक्षक. हौसेला मोल नसतं म्हणतात ते असं. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. तो कंपायलर एकदा नव्या कॉम्प्युटरवर चालताना बघायचा, एवढंच सासऱ्यांचं मागणं होतं.

फाइली उतरवताना नव्या यंत्राने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? शहाण्याला शब्दाचा मार खरा, पण शहाण्या बाईने तो शब्द वाचायला हवा ना! एकाच फाइलच्या दोन-दोन प्रती असतील असं धरून तिने सगळ्यांना 'हो' दाबलं. मग ऑफिसच्या शिस्तीने जुनी डिस्क स्वतः हातोड्याने फोडली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी कंपायलर बसवायला घेतला, तर एररवर एरर. हे सापडत नाही, ते सापडत नाही. काढून पुन्हा बसवला, पुन्हा तेच. शेवटी नाक मुठीत धरून तिने सासऱ्यांना विचारलं.

"अगं, एकेका इंग्रजी नावाच्या दोन फाइली आहेत," ते म्हणाले. "मोठ्या अक्षराची माझी, छोट्या अक्षराची हिची. कोणाचं काम कुठलं ते कळावं म्हणून."

जुन्या यंत्राला मोठं अक्षर वेगळं, छोटं वेगळं. नव्याला दोन्ही सारखीच. प्रत्येक जोडीतली एकच फाइल उरली होती. दुसरी तिनेच 'हो' म्हणून पुसली होती, आणि जिथून परत आणायची ती डिस्कही तिनेच फोडली होती. तिने सगळं सांगितलं, काही न लपवता.

सासरे म्हणाले, "माझ्या गेल्या असतील तर जाऊ देत. मी परत लिहीन. हिच्या बघ."

नावं सगळी छोट्या अक्षरांत होती. तिचा जीव भांड्यात पडला. तिने एक फाइल उघडली. नाव सासूबाईंच्या फाइलचं, आत लिहिलेलं सगळं सासऱ्यांचं. दुसरी उघडली, तिसरी उघडली. यंत्राने आधी आलेलं नाव तसंच ठेवून आतला मजकूर तेवढा बदलला होता.

सासरे मागे उभे राहून वाचत होते. यांनी ओरडावं, चार शब्द सुनवावेत, असं तिला मनापासून वाटलं.

"बाबा, सगळ्या तुमच्याच राहिल्यात," ती म्हणाली.

"मग त्या कशाला ठेवल्यास?"

आवाज चढला नव्हता. खरंच उत्तर हवं असल्यासारखे ते तिच्याकडे बघत राहिले.