वाळवीने खाल्लेल्या दोन ओळी

माझ्या आईला तुम्ही नावाशिवाय मातीत घातलंत.

तुम्ही म्हणजे शहरातली संगीत महोत्सवाची समिती. त्या दुपारी सान्ता रोसालियाच्या देवळात तुमच्यातलं कुणी नव्हतं, हे मला माहीत आहे. शवपेटीला तुमचा हात लागला नाही, खड्ड्यात माती लोटायलाही तुम्ही नव्हतात. तरी हे काम तुमचंच आहे, आणि ते तुमच्या तोंडावर सांगायला मी भीत नाही.

चौघांनी शवपेटी खांद्यावर घेतली होती. दक्षिणेचा गार वारा सुटला होता, देवळाची दारं करकरत होती. म्हाताऱ्या साबिनोने, आमच्या ताताने, व्हायोलिन छातीशी टेकवलं आणि गज तारांवर ठेवला. त्याच्यासमोर सुरांचा कागद दोन्ही हातांनी धरून मी उभी होते, कारण आमच्यात मेलेल्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाने कागद धरायचा असतो. माझ्यामागे दोन्ही भाऊ, भावजया, नातवंडं, अख्खी आळी. चाल निम्म्यावर आली तसा सगळ्यांनी श्वास आत घेतला. आता साबिनो थांबणार, आणि आम्ही सगळे एकदम म्हणणार, "एउलालिया चुवे."

साबिनो थांबला नाही.

गज पुढे चालत राहिला. जिथे पिढ्यान्‌पिढ्या शांतता होती तिथे सूर आले, गोड, स्वच्छ, एकामागून एक. माझ्या धाकट्या भावाचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मागे कुणीतरी घाईघाईने "एउला..." म्हणालं आणि व्हायोलिनखाली दबून गप्प झालं. चाल संपली. चाल संपली की शवपेटी बाहेर न्यायची, मागे वळायचं नाही. नेली.

नाव घेतलं की माणूस गेला. नाव न घेता नेलं तर तो नुसता नाहीसा होतो. आमच्याकडे असं आहे. तुमच्याकडे कसं आहे ते तुमचं तुम्ही बघा.

त्या चालीला तुम्ही बरोक म्हणता. आम्ही तिला 'निरोपाचं' म्हणतो. पाद्र्यांनी आणलेल्या बाकीच्या गाण्यांना ढोल आहे, बासरी आहे, पाच-पाच व्हायोलिनं आहेत. निरोपाचं मात्र एकट्या व्हायोलिनचं. साबिनोच्या पणजोबाने ते कुठल्याशा जुन्या कागदावरून उतरवून घेतलं होतं. पणजोबा लवकर मेला, आजोबा तेव्हा मिसरूड न फुटलेला, आणि त्याने कागद पेटाऱ्यातून काढला तर वाळवीने मधोमध भोक पाडलेलं. कोंबडीच्या अंड्याएवढं. दोन ओळी गेलेल्या. लोक म्हणाले, घाल तुझ्या मनाचं काहीतरी, कुणाला कळतंय? तो म्हणाला, "लिहिलेलं नाही ते मी देवाच्या गाण्यात घुसडणार नाही." दोन ओळींना जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ तो गज वर उचलून उभा राहायचा. चार श्वास.

ती शांतता लोकांना सोसेना. म्हणतात की कुणा बाईने त्यात पहिल्यांदा आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं. मग सगळेच घ्यायला लागले. आणि कागद नातलगाने धरायचा, भोकातून त्याच्या अंगावरचा कपडा दिसला की वाजवणाऱ्याने गज उचलायचा, असं ठरून गेलं. साबिनोला चाल झोपेतसुद्धा येईल. पण कुठे थांबायचं ते त्याचे डोळे ठरवायचे. माझा नवरा गेला तेव्हा मी कागद धरला होता. त्या भोकातून मला साबिनोचा एक डोळा दिसला होता.

हा साबिनो, आडनाव तोमिचा, कौलं करतो. सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. गावात दुसरे व्हायोलिनवाले आहेत, ते सणाला वाजवतात, लग्नात वाजवतात, लोक त्यांना मक्याची दारू पाजतात, पाठीवर थापा मारतात. साबिनोचं व्हायोलिन फक्त मेलेल्यांसाठी. तो काळी पेटी घेऊन रस्त्यात दिसला की बायका खिडक्या लावून घेतात. गरोदर बाई समोरून आली तर तोच बिचारा वाट सोडून गवतात उतरतो. त्याची बायको तीन वर्षं टिकली. "ही पेटी घरात आहे तोवर माझी कूस उजवायची नाही," म्हणाली आणि माहेरी गेली, ती गेलीच. पन्नास वर्षं तो वाजवत आला, पण मयताला "वा, छान वाजवलंस" असं कोण म्हणणार? लाज नाही वाटणार? एकानेही कधी म्हटलं नाही. मीही नाही.

सकाळी तो माझ्या भट्टीवर चीजच्या गरम पावांसाठी यायचा, व्हायोलिन घरी ठेवून. एवढीच त्याची ऊठबस. माझी आई दारात बसलेली असायची.

"साबिनो, माझ्या वेळी जरा लवकर आटप बाबा. माझे गुडघे दुखतात."

"मेल्यावर कसले गुडघे दुखतात, एउलालिया?"

"तुला काय माहीत? तू मेलायस का कधी?"

तो हसायचा. मग पाव फडक्यात बांधून एकटाच निघून जायचा.

तुमचे प्रोफेसर आले तेव्हा तो चिखल तुडवत होता. मी पाव द्यायला गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. माणूस वाईट नव्हता, हे मी लिहून देते. टोपी काढून बोलला.

"ताता, आनंदाची बातमी आहे. दुसऱ्या एका गावच्या पेटाऱ्यात याच चालीचा अख्खा कागद सापडला. तुमच्या हरवलेल्या दोन ओळी मिळाल्या!"

साबिनोने पाय चिखलातून काढले. "म्हणजे तिथे काही होतं?"

"होतं तर! फार सुंदर आहे. तीन पिढ्या तुम्ही अर्धवट वाजवत होतात."

"बरं."

"महोत्सवाच्या शेवटच्या संध्याकाळी तुम्ही वाजवायचं. एकट्याने, आणि पूर्ण. चारशे लोक येतील."

साबिनोने पायांचा चिखल गवताला पुसला. मग म्हणाला, "मयत कुणाचं?"

"कुणाचंच नाही, ताता."

"मग लोक येतील कशाला?"

"तुम्हाला ऐकायला."

त्याचा चेहरा मी पाहिला. नव्वद माणसांना या हातांनी निरोप दिलेला माणूस, पण त्या क्षणी त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना. मी मध्येच विचारलं, "मग थांबायचं नाही का?"

"बाई, ती थांबायची जागाच नव्हती," प्रोफेसर म्हणाले. "ती वाळवीची करामत."

ते हसले. साबिनो हसला. मीही हसले. हे लपवून तुम्हाला जाब विचारला तर तो खोटा ठरेल, म्हणून लिहिते.

दोन महिने तो त्या दोन ओळी घोटत बसला. कौलं वाळत घालायची आणि व्हायोलिन काढायचं. त्याच्या घरातून व्हायोलिन ऐकू येतंय आणि गावात कुणी मेलेलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. पहिले काही दिवस बाया एकमेकींना विचारत होत्या, कोण गं, कोण गेलं? नंतर सवय झाली. कुंपणापलीकडची माणसं तर खुर्ची बाहेर काढून बसायला लागली.

त्या संध्याकाळी देऊळ भरलेलं होतं. पुढे तुमचे पाहुणे, परदेशातून आलेले, पांढऱ्या सदऱ्यांतले, मागे आम्ही. साबिनोच्या अंगात माझ्या नवऱ्याचा कोट होता, बाह्या चार बोटं लांब. वाजवायच्या आधी त्याने खाली शवपेटीच्या जागेकडे बघितलं. तिथे नुसती फरशी होती.

आणि मग त्याने वाजवलं. मी तुम्हाला शिव्या देणार आहे, पण आधी हे सांगते. मयताला ऐकताना आपण रडत असतो, कोण कुठला सूर ऐकतोय? त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा ऐकलं. एक गज आणि चार तारा, पण वाटत होतं दोघं जण एकमेकांशी बोलताहेत, एक विचारतोय, दुसरा टाळतोय, मग दोघं थकून एकाच जागी येऊन बसताहेत. मधल्या जागी आम्ही मागचे सगळे सवयीने श्वास घेऊन बसलो, आणि तो पुढे गेला. त्या दोन ओळी खरंच सुंदर होत्या. भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या खिडकीच्या जागी खरी खिडकी काढावी तशा.

संपलं. मग पुढचे सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या सुरू झाल्या. साबिनोने मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. एका म्हाताऱ्या परदेशी बाईने पुढे येऊन त्याचा भेगाळलेला हात ओठांना लावला. एक गृहस्थ दुभाष्याकरवी म्हणाला, "चाळीस वर्षं मी मोठमोठ्या सभागृहांतून हे संगीत ऐकतो आहे. असं नाही ऐकलं." साबिनो नुसता मान हलवत होता. मी टाळ्या पिटत होते. हात लाल झाले माझे.

दुसऱ्या सकाळी तुमची गाडी त्याच्या दारात. "असा कागद घरात ठेवू नका, उरलेलाही वाळवी खाईल. आम्ही काचेत ठेवतो." गावच्या पंचांनी अंगठे उठवले. साबिनो कालच्या टाळ्यांत होता, त्याने कागद दोन्ही हातांनी दिला. त्या बदल्यात तुम्ही नवा छापील कागद दिलात. जाड, पांढराशुभ्र, सगळ्या ओळी भरलेल्या.

चाळीस दिवसांनी आई गेली. पुढचं वर लिहिलंच आहे.

पुरून आल्यावर माझा भाऊ दफनभूमीच्या फाटकाशी साबिनोच्या अंगावर धावला. "शहराच्या टाळ्या चढल्या का रे म्हाताऱ्या? माझ्या आईपुढे मिरवतोस?" लोकांनी धरला म्हणून बरं. साबिनोने टोपी काढली आणि तसाच उभा राहिला. मला म्हणाला, "मला वाटलं, हात आपोआप थांबेल. दामियाना, मी कागदात शोधत होतो. तू दिसलीच नाहीस."

तेव्हापासून गावात दोन माणसं गेली. साबिनो आला नाही. दोघांना नुसत्या ढोलावर, नावाशिवाय नेलं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? मलाही तसंच वाटलं. मी कात्री घेतली, छापील कागदाला मधोमध अंड्याएवढं भोक पाडलं आणि त्याच्याकडे गेले. तो कौलांच्या राशीपाशी बसला होता. भोकाच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं.

"हे तू पाडलंस?"

"हो. मग काय झालं?"

"ते कुणी पाडलेलं नव्हतं," तो म्हणाला आणि कागद घडी घालून मला परत दिला.

मी चिडले. "ताता, हट्ट पुरे. माणसं मुकाट्याने चाललीत."

"आजोबांनी त्यात आपलं काही घातलं नाही. बापाने नाही. मी घातलं, आणि काय झालं ते तू बघितलंस. आता कात्रीने कापलेलंही घालू?"

मी निघाले तेव्हा त्याने हाक मारली.

"दामियाना. त्या संध्याकाळी... बरं झालं होतं का गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्याचं मन हलकं झालं असतं कदाचित.

"आयुष्यात असं ऐकलं नाही, ताता."

"ते लोक उभे का राहिले?"

"आवडलं म्हणून."

"बसून आवडत नाही होय?" तो म्हणाला. मग बराच वेळ हातातल्या कौलाची धार अंगठ्याने सारखी करत राहिला. "पुन्हा बोलावतील का?"

मी काय सांगणार? तुम्हाला विचारून कळवते म्हणाले.

मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली, बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवली. तुमचं एक उत्तर आलं. त्यात लिहिलंय की कागद आता सुरक्षित आहे, पाहुणे तो आवडीने बघतात, आणि पूर्ण चाल आमच्याकडे छापील रूपात असल्यामुळे आमचं काही अडू नये.

अडलंय. साबिनोला खोकला धरलाय, उन्हातही अंगावर घोंगडी घेऊन बसतो. सणाच्या वाजवणाऱ्यांपैकी होनोरियो चाल शिकायला तयार आहे. साबिनो म्हणतो शिकवीन, पण त्या कागदावरून, दुसऱ्या कुठल्या नाही. आणि साबिनोच्या वेळी कागद धरायला त्याच्या जवळचं कुणी नाही, म्हणून मी पंचांना सांगून ठेवलंय, मी धरीन. निळं पोलकं घालीन, भोकातून नीट दिसेल असं. होनोरियोला थांबायला लावीन, आणि मी एकटी असले तरी मोठ्याने म्हणीन, साबिनो तोमिचा.

मला तुमचे आभार नकोत, टाळ्या नकोत, नवीन कागद नको. आम्हाला ते भोक परत हवं आहे. कधी आणून देताय? वार सांगा, तारीख सांगा.