तिरपी मोड

हाडवैद्यांनी जावयाला सकाळीच उठवलं. दुपारी तो लेकीला घेऊन परत जाणार होता. तिचा उजवा हात महिनाभर झोळीत होता, आणि पुढच्या खेपेला ती जिवंत येईल याची म्हाताऱ्याला खात्री नव्हती. "चला जावईबापू, पाय मोकळे करून येऊ," एवढंच ते म्हणाले.

वसंतातली कोवळी सकाळ. समुद्र इतका शांत की लाटांना आवाज करायचाही कंटाळा आलेला. ओहोटीच्या ओल्या वाळूवरून दोघं चालले. जावई म्हणजे जिभेवर साखर. त्याने हवेची तारीफ केली, मग बायको किती वेंधळी आहे तेही हसत हसत सांगितलं. मागच्या वर्षी न्हाणीघरात घसरली, या वर्षी जिन्यावरून.

म्हाताऱ्याची चाळीस वर्षं हाडं जोडण्यात गेली होती. पडून मोडलेलं हाड आडवं तुटतं, पिळून मोडलेलं तिरपं चिरत जातं. नुसती बोटं फिरवून ते फरक सांगत. लेकीचा हात दोन्ही वेळा तिरपाच मोडला होता.

खडकांपाशी वाट संपली. त्यांनी नाडी बघावी तसा जावयाचा उजवा हात धरला. म्हाताऱ्याला माया आली असं समजून तो हसला. मग त्यांनी त्याचं कोपर खडकाला दाबलं आणि सगळा जोर लावून मनगट पिळलं. हाड कडकन वाजलं. जावई गुरासारखा ओरडला, त्याने डाव्या हाताने त्यांचं तोंड फोडलं, तरी पकड सुटली नाही. त्यांनी त्याला पालथा पाडला, पाठीवर बसून तोंड ओल्या वाळूत दाबलं. तो पाय झाडू लागला. आणखी थोडं दाबलं की ब्याद कायमची टळली असती. तसं करावंसं त्यांना फार वाटलं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

मग सोडलं.

"तुम्हीही घसरलात," ते रक्त थुंकून म्हणाले. "घरी तेच सांगायचं. आणि लेक इथंच राहील."

तिथंच हाड बसवून त्यांनी रुमालाने बांधलं. मोडलेलं तसंच टाकणं त्यांच्या हाताला जमेना.

घरी जावयाने पढवलेलं मुकाट्याने सांगितलं. लेकीने डाव्या हाताने रुमाल सोडला. लहानपणापासून हाड बांधताना बापाला बांबूच्या कामट्या तीच पुढं करत आली होती. तिची बोटं मनगटाकडून कोपराकडे गेली आणि मध्येच थांबली. तिनं बापाचा फुटलेला ओठ पाहिला.

"बाबा, पडून हाड असं मोडत नाही."

हाडवैद्यांना वाटलं, आता पोरगी गळ्यात पडून रडेल.

ती रडली नाही. "म्हणजे पहिल्या वेळीही तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली. "तरी बांधून परत धाडलंत."

तिला धाडलं त्या दिवशी दारात उभं राहून, जपून चाल, पुन्हा घसरू नकोस, असं त्यांनीच तिला बजावलं होतं.