खुब्याची चौकशी

आनंदीबाईंनी बत्तीस वर्षं शाळेत पोरांना धीट व्हायला शिकवलं, आणि स्वतःचा खुबा बदलायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांची पाचावर धारण बसली. ऑपरेशन सोमवारी होतं. डॉक्टरांनी माहितीचा छापील कागद दिला होता, पण बाईंना जे विचारायचं होतं ते त्यात नेमकं नव्हतं. डॉक्टर मुलाच्या वयाचा, आणि प्रश्न संडासचा. शिकल्यासवरल्या बाईने असलं कसं विचारायचं?

मग त्यांना शकू आठवली. तीस वर्षं दारात मासळी घेऊन येणारी. चार महिन्यांपूर्वी तिचाही खुबा बदलला होता. टोपली आता तिची सून फिरवत असे. बाईंनी निरोप धाडला आणि शकू बंदरावरून रिक्षा करून, काठी टेकत आली.

बाईंनी आधी मुलाला, उन्मेषला, आत पिटाळलं. दार लोटून घ्यायला लावलं. मग पडवीतल्या खुर्चीत उशी सारखी करून वही उघडली.

"दुखतं का गं फार?"

"पयले दोन दिवस ब्रह्मांड आठवतं," शकू खांबाला टेकून म्हणाली. "आणि दुसऱ्याच दिवशी उभं करतात, वॉकर धरून. रडू आलं तर रडा. मी बोंबलले."

"आणि ते... संडासचं?" बाईंचा आवाज इतका खाली गेला की शकूला वाकून ऐकावं लागलं.

शकू हसली. "त्यात लाजायचं काय, बाई? सुरुवातीला नर्सपोरी सगलं करतात, त्यांना काय वाटत नाय. घरी उंच कमोड बसवून घ्या."

बाईंना हायसं वाटलं आणि त्या शाळेतल्यासारख्या खोदून खोदून विचारू लागल्या. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना ऑपरेशनचा. झोपताना पायांमध्ये उशी. "थांब, परत सांग," म्हणत त्या सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होत्या. तासभर सहज गेला.

"बरं, बसायचं कसं?"

"मांडी नाय. उकिडवं तर नायच नाय. पाट, चटई, पायरी सगलं बंद. खाली बसलात तर नवा खुबा निसटायचा. खुर्चीच पायजे, ती पण उंच."

बाईंनी 'पायरी' लिहिलं आणि पेन थांबलं. तीस वर्षं शकू या घरी पायरीवरच बसत आली होती. आज ती बसलीच नव्हती. तासभर काठीवर भार टाकून उभी होती. तिचा पाय थरथरत होता, आणि बाई तिला परत सांग, परत सांग म्हणत होत्या.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं, बाई? तुम्ही विचारीत होतात." शकूच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली खुर्ची द्यायला त्या धडपडत उठू लागल्या, तोच खुब्यातून कळ आली. शकूनेच पुढे होऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना परत बसवलं.

"उन्मेष!" बाई ओरडल्या. "शकूला बसायला आण काहीतरी. लवकर!"

उन्मेष धावत आला. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने गरीब, कुणाला दुखवायचं नाही असा मुलगा. त्याच्या हातात दाराआडचं गोणपाट होतं. शकूसाठी ठेवलेलं. त्याने ते पायरीवर अंथरलं, हाताने सुरकुत्या काढल्या.

"बस गं, शकू," तो मायेने म्हणाला.

शकूने एकदा गोणपाटाकडे बघितलं. "ऱ्हाऊ दे, बाबा. निघतेच मी," म्हणाली आणि काठी टेकत पायऱ्या उतरू लागली. आधी ऑपरेशनचा पाय.

बाईंनी मुलाला झापायला तोंड उघडलं. पण तो पाच वर्षांचा असताना ते गोणपाट कुठे असतं आणि कुणासाठी असतं, हे त्यांनीच त्याला दाखवलं होतं.