कुस्तोदियोच्या दगडाची दोण

मित्रांनो, हे सगळं घडलं ते २०११ साली, माघ महिन्यात, काजूला मोहर आला होता तेव्हा.

मी एक जुनी दोण आहे. गुरांना पाणी पाजायची दगडी दोण. गोव्याच्या वाटेवर इन्सुलीच्या पुढे हमरस्ता सोडून आत वळलात की एक वाडी लागते. वाडीच्या कडेला विहीर आहे, आणि विहिरीशेजारी मी. माझा दगड निघाला कुस्तोदियोच्या आजोबांच्या जमिनीतून. तो कोरायला पाथरवट आणला लक्ष्मीच्या सासऱ्यांनी आणि काम संपेपर्यंत त्याला घरी जेवू घातलं. म्हणून मी दोन्ही घरांची झाले, आणि हळूहळू साऱ्या वाडीची. माझ्या बुडाशी एक भोक आहे. त्यात लाकडाची खुंटी ठोकलेली असते. खुंटी काढली की शिळं पाणी वाहून जातं.

दुपार कलली की गुरं यायची. आधी म्हशी, मग गाई, मागून वासरं. किती जिभांनी माझे काठ चाटले असतील! काठ गुळगुळीत झाले ते त्या जिभांनी, छिन्नीने नव्हे. लक्ष्मी ही विधवा बाई, दोन गाई आणि मुलगा निलेश एवढाच तिचा संसार. कुस्तोदियो तिचा शेजारी. गुरं पाणी पीत असताना तो तिची थट्टा करायचा.

"लक्ष्मीवयनी, तुझी चांदी माझ्या दगडातला पाणी पिता. सांजेचा अर्धा दूध माझ्या घराक धाड."

"आणि माझ्या मामंजींनी पाथरवटाक वाढलेल्यो भाकऱ्यो? आधी त्यो परत कर, मगे दूध माग."

कुस्तोदियोची बायको कार्मेलिना पदर तोंडाला लावून हसायची. चांदी म्हणजे लक्ष्मीची कपाळावर पांढरा ठिपका असलेली गाय. ती मात्र दोघांकडे लक्ष न देता पाणी प्यायची. मला वाटायचं, असंच चालत राहील.

त्या माघात वाडीतली गुरं कुस्तोदियोच्या कुळथात शिरली. सगळं पीक तुडवून टाकलं. तो विहिरीवर येऊन साऱ्यांदेखत ओरडला, "परत इली तर एकाकव सोडूचंय नाय." रागावलेला माणूस असंच बोलतो. दुसऱ्या दिवशी तो ते विसरला. गाव विसरलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कुस्तोदियो आणि कार्मेलिना फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, पाहुण्यांकडे गेले. त्यांची गुरं त्या दिवशी गोठ्यातच होती. पेंढा समोर टाकलेला, पाणी बादलीत.

त्याच दुपारी निलेश काजूवर औषध फवारून आला. बांद्याला क्रिकेटचा सामना होता, मित्र मोटारसायकल चालू ठेवून हाका मारत होते. त्याने घाईघाईत फवारणीचा पंप माझ्यात बुडवून धुतला. मग खुंटी काढली, पण सगळं पाणी जाईपर्यंत थांबला नाही. खुंटी परत ठोकली, वरून विहिरीचं पाणी ओतलं आणि गेला. त्याला वाटलं, झालं स्वच्छ. पंपाच्या टोकाचं पितळेचं नोझल माझ्या तळाशी राहिलं, तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

मित्रांनो, संध्याकाळी गुरं आली तेव्हा मी काय करू शकत होते? दगडाला अंग आखडून घेता येत नाही. वाडीतल्याच शेवंतीची म्हैस सगळ्यांत पुढे होती. शेवंतीच्या घराची चूल त्या एका म्हशीवर पेटत होती. तिच्यामागे चांदी. दोघी पोटभर प्यायल्या. बाकीच्या गुरांनी वास घेऊन मान फिरवली. रात्र सरायच्या आत म्हैस आणि चांदी दोघी गेल्या.

उजाडताना लक्ष्मी एकटीच आली. पाणी नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा बदलला. बाही सारून तिने तळाला हात घातला, आणि नोझल तिच्या हाताला लागलं. आपल्या घरची वस्तू कुणाला ओळखू येत नाही? ती बराच वेळ ते मुठीत धरून बसली. मग तिने खुंटी काढून मला रिकामी केली, नोझल कनवटीला खोचलं आणि घरी गेली. हे माझ्याशिवाय कुणीच पाहिलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी विषबाधा सांगितली. वाडी माझ्याभोवती जमली.

"कुस्तोदियोचीच गुरां तेवढी पाण्यार कशी इली नाय?" शेवंतीने विचारलं. रडून तिचा आवाज बसला होता.

"अगो, आमी फेस्ताक गेल्लंव," कार्मेलिना म्हणाली.

"व्हय तर. नेमके त्याच दिवशी."

आमच्याकडे अशा वेळी गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी देवापुढे साऱ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे मिळून होकार देतात. त्या दिवशी मानकरी गुरुदास माझ्या काठावर नारळ ठेवून उभा राहिला.

"बा देवा महाराजा, जेणी ह्या पाण्यात विख कालवला, तेचो गोठो कायमचो रिकामो कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज होता कुस्तोदियोचा. डोक्यावरची टोपी काढून, मान वर करून त्याने होकार दिला. त्याच्या मनात काही नव्हतं, मग तो का कचरेल? पण शेवंती पुटपुटली, "चोराच्या उलट्या बोंबा." त्याच्या खालोखाल आवाज होता निलेशचा. आईची गाय मेली म्हणून तो चवताळला होता.

एक आवाज मात्र आला नाही. लक्ष्मीचे ओठ हलले, पण त्यातून काही फुटलं नाही. स्वतःच्या मुलावरच्या शापाला आई होकार कसा देणार? आणि नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

कुस्तोदियोला कुणी शिवी दिली नाही, हातही लावला नाही. फक्त त्याची गुरं दिसली की बाकीचे आपली गुरं बाजूला घेऊन उभे राहत. लग्नाकार्याची बोलावणी थांबली. पाऊस लागायच्या आत त्याने गुरं मेव्हण्याला दिली आणि दोघं गोव्याला निघाली. जायच्या दिवशी तो माझ्यापाशी आला. माझ्या काठावरून हात फिरवत हळूच म्हणाला, "बाये, तू तरी सांग गो तेंका."

मला तोंड असतं तर!

त्यानंतर माझ्यात कुणी पाणी घातलं नाही. 'विखारी दोण' हे माझं नाव पडलं. मुलांनी जवळ जाऊ नये म्हणून माझ्यात काटेरी फांद्या टाकल्या. पाचोळा साठला, सरडे राहू लागले. लक्ष्मी पाण्याला यायची, पण माझ्याकडे पाठ करून घागर भरायची. तिच्या गोठ्यात त्यानंतर दोन वासरं मेली. लोक म्हणत, असं होतं कधीकधी. ती मात्र घरी जाऊन फळीवर दडवलेलं नोझल पाहायची, असं पुढे तिनेच सांगितलं.

२०१९ साली कार्मेलिना परत आली. एकटी. कुस्तोदियो गोव्यातच वारला होता. टेम्पोतून एक गाय उतरवून ती थेट विहिरीवर घेऊन आली. लक्ष्मी तिथेच होती. आता तिची पाठ वाकली होती. कार्मेलिना माझ्यातल्या काटेरी फांद्या उपसू लागली, तेव्हा लक्ष्मीने तिचा हात धरला.

"ऱ्हव कार्मेलीन. आधी माझा आयक. कुस्तोदियोन कायएक केल्यान नाय. माझ्या झीलान, निलेशान, हेच्यात पंप धुतल्यान. तेका कळूक नाय. माका कळला, आणि मी गप रवलंय."

कार्मेलिनाने हात सोडवून घेतला. "कित्याक?"

"तो झील माझो. तुमी शेजारी."

गाय दाव्याला ओढ देत होती. कार्मेलिना विहिरीच्या कट्ट्यावर बसली. "तापात पण कुस्तोदियो इचारी, 'त्या पाण्यात काय होता गो?' माका वाटायचा, बडबडता. आता माका सांगान काय होतला? जेका ता आयकूक होया होता, तो गेलो."

"माफ कर म्हणान सांगूचा तोंड नाय माका."

"ज्या गावान व्हय म्हटल्यान, त्या गावाक सांग." एवढं बोलून तिने स्वतःच्या बादलीने गाईला पाणी पाजलं आणि ती घरी गेली.

लक्ष्मीने गुरुदासला बोलावलं, वाडी जमवली. माझ्या काठावर, जिथे नारळ ठेवला होता तिथेच, तिने ते पितळेचं नोझल ठेवलं. काही बोलायची गरजच पडली नाही. निलेशने ते ओळखलं. आता तो दोन मुलांचा बाप होता. तो माझ्याशेजारी खाली बसला आणि म्हणाला, "माझा आसा ह्या. मी धुतलंय पंप. आवशी, माका तेव्हाच कित्याक सांगूक नाय?"

लक्ष्मी मुलाशेजारी खाली बसली.

शेवंती पुढे आली. "माझी म्हस मेली ती मेली. पण कुस्तोदियोक चोर म्हणूक लावलंस माका. ता मी कसा विसरू?"

गुरुदास माझ्या काठापाशी उभा राहिला. "बा देवा महाराजा, ह्याच जाग्यार आमी शब्द टाकलो, तो नको त्या माणसार पडलो. तो शब्द आज परत घे. आणि जेणी कबूल केल्यान, तेच्यार पण तो पाडू नको रे महाराजा!"

कुणीच होकार दिला नाही. सगळ्यांच्या माना खाली. हा होकार आपल्याला द्यायचा अधिकार नाही, हे प्रत्येकाला कळत होतं.

मग मागून कार्मेलिनाचा आवाज आला. मोठा नव्हता.

"व्हय महाराजा."

त्या दिवशी निलेशने मला वाळू-काथ्याने घासलं, नवी खुंटी ठोकली, पाणी भरलं. आधी तो स्वतः ओंजळभर पाणी प्यायला, मग कार्मेलिनाच्या गाईला वाट दिली.

आता ज्याचं त्याचं काय झालं ते सांगते. लक्ष्मी दोन वर्षांनी वारली. शेवटच्या दिवसांत कार्मेलिना तिला पेज भरवायची, पण दोघी फारसं बोलत नसत. शेवंतीने तिला अखेरपर्यंत माफ केलं नाही. तरी प्रेत उचललं तेव्हा ती बांधावर येऊन उभी राहिली. निलेशने चांदीच्या वंशातली एक पाडी कार्मेलिनाला नेऊन दिली, आणि ती व्याल्यापासून सांजेचं अर्धं दूध कार्मेलिना आठवणीने त्याच्या घरी पाठवते. पंप धुवायला त्याने विहिरीपासून लांब वेगळा खड्डा केला आहे. गुरुदास अजून गाऱ्हाणं घालतो, पण शाप मागत नाही. आणि कुस्तोदियो? तो गोव्यातल्या मातीत आहे. त्याचं नाव निर्मळ झालं, हे त्याला सांगायला कुणी उरलं नाही.

मित्रांनो, औषधाचं भांडं पिण्याच्या पाण्यात कधी धुऊ नका. आणि माझी एक विनवणी ऐका. मी दगड आहे, मला सगळं दिसलं आणि बोलता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे. खरं सांगायचं असेल तर ज्याला ते ऐकायची तहान आहे, तो जिवंत आहे तोवर सांगा. पाणी उशिरा भरलं, तरी तहानेने गेलेलं जनावर काही परत येत नाही.