हनुमंत हजर

वरवंडजवळच्या एका दूध संघात त्या सकाळी कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर इतक्या चपला साठल्या होत्या, की आत यंत्र आहे की देवस्थान, असा प्रश्न पडावा. साल दोन हजार तीन. आत पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एकाखाली एक बारा ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत तेच: हनुमंत हजर.

हनुमंत हा संघाचा ऑपरेटर. दोन महिन्यांपूर्वी हायवेवर ट्रकखाली गेला. त्याच्या जागी बायको ललिता लागली. ती कामाला बसली की एक ओळ वाढे. ती रजेवर असली की वाढ बंद. एवढा पुरावा गावाला पुष्कळ झाला.

भिमाजी महाराजांनी पडद्यावरून लिंबू उतरवलं. महाराज पूर्वी टीव्ही दुरुस्त करत. टीव्ही दुरुस्त होत नसत, म्हणून अध्यात्माकडे वळले.

"आत्मा डिस्कमधी घुसलाय! डिस्क बदलाया दौंडचा मेकॅनिक आला तवा यंत्र काय बोललं? परवानगी न्हाई! आता यंत्राला कुणाची परवानगी लागती? धन्याची! ही बाई बसती म्हणून त्यो येतो. बाई उठवा."

चेअरमन सोपानरावांनी राजीनाम्याचा कागद पुढं सरकवला. तो आधीच टाइप केलेला होता.

"आप्पा, दोन पोरी हायेत माझ्या," ललिता म्हणाली. "ह्या नोकरीबिगर दुसरं काय हाय मला?"

"मग नवऱ्याला सांग, येऊ नको म्हणावं."

लोक हसले. ललितानं सही केली.

प्रोग्राम बसवणाऱ्या पुण्याच्या कंपनीची हर्षदा दुपारी पोचली. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "ललिताताई, तुम्ही लॉगिन कुणाच्या नावानं करता?"

"ह्यांच्याच. नाव बदला म्हणून अर्ज दिला व्हता."

अर्ज अजून चेअरमनच्या टेबलाच्या खणातच होता. आमच्याकडं मेलेला आजा तीस वर्षं सातबाऱ्यावर नांदतो, विजेचं बिल त्याच्याच नावानं येतं, आणि त्याला कुणी भूत म्हणत नाही.

हर्षदानं एक आज्ञा टाइप केली. "यंत्रात कारकुनांचं काम एका कोंडवाड्यात चालतं, म्हणजे त्यांचा हात बाहेरच्या फायलींना लागत नाही. कोंडवाड्यात 'नल' नावाची एक खास फाइल लागते. तिच्यात टाकलेलं सगळं नाहीसं होतं. लॉगिन झालं की हजेरीची ओळ तिच्यातच टाकली जाते. त्याच वेळी सूचनेचा पडदा कोरा करायलाही तीच वापरतात. पंधरा दिवसांपूर्वी डिस्क बदलली तेव्हा तिच्यातल्या नवीन कप्प्यावर खास फायलींना असलेली बंदी उठवायची राहून गेली. मेकॅनिकनं 'नल' बनवली, यंत्र म्हणालं परवानगी नाही, म्हणून तो ती पुसून निघून गेला. मग प्रोग्रामनं त्याच नावाची साधी फाइल बनवली. ती काही गिळत नाही, साठवते. साठलेलं सगळं लॉगिन करताच पडद्यावर येतं. हे बघा, खास फाइल असती तर फायलींच्या यादीत तिच्या ओळीच्या सुरुवातीला 'सी' असता. इथं नुसती रेघ आहे."

"ते शास्त्र झालं," महाराज म्हणाले. "आत्मा येगळा."

"मग तुम्हीच बसा." तिनं महाराजांच्या नावानं नवीन लॉगिन उघडलं. महाराज छाती फुगवून बसले, पासवर्ड दाबला. बारा हनुमंतांच्या खाली तेरावी ओळ आली: भिमाजी हजर.

"अगं बया!" मागून झुंबरबाई ओरडली. "म्हाराज कवा गेले?"

महाराज त्यानंतर लवकरच गेले, पण मागच्या दारानं.

हर्षदानं कप्प्यावरची बंदी उठवली, खरी 'नल' बनवली आणि ललिताला स्वतःच्या नावानं बसायला सांगितलं. पडदा कोरा आला. गावानं टाळ्या वाजवल्या.

"मंग आप्पा, राजीनामा फाडायचा ना?" ललितानं विचारलं.

"भूत नव्हतं, हे सोळा आणे पटलं बघ," सोपानराव म्हणाले. "पण राजीनामा तर खराच हाय की. आन् तुझ्या जागी आमच्या सूनबाईची ऑर्डर निघाली दुपारी. राजनंदिनी, ये, बस."

वाचकहो, यंत्र समजायला हर्षदा लागते. पण बाईच्या अंगावर भूत ढकललं जाईल, तेव्हा तिच्या खुर्चीवर कोण बसणार आहे, एवढं विचारायला काही शिकावं लागत नाही. टाळ्या वाजवणाऱ्या दोनशे माणसांपैकी एकानंही ते विचारलं नाही. मीही तिथंच होतो.